तळ्यातील आसरा आणि पाण्याचा धाक
(इयत्ता चौथी व पाचवीच्या परिसर अभ्यासासाठी)

ज्या गावाला तळे आहे, डोह आहे किंवा नदीचा काठ आहे, त्या गावाला पाण्यात राहणाऱ्या कोणाची तरी एक गोष्टही असते. काळू, भातसा व उल्हास या नद्यांच्या काठाने वसलेल्या गावांतील शाळांत 'पाणी' हा घटक शिकवावयास घेतला की, शिक्षकाने फळ्यावर 'बाष्पीभवन' हा शब्द लिहिण्यापूर्वीच मागच्या रांगेतून एखादा मुलगा विचारतो, "गुरुजी, डोहात आसरा असते ना?" वर्ग क्षणभर स्तब्ध होतो आणि सर्वांचे डोळे शिक्षकाच्या तोंडाकडे लागतात. या वेळी शिक्षक काय उत्तर देतो, यास वाटते त्याहून पुष्कळच अधिक महत्त्व आहे.

सामान्यतः दोन प्रकारची उत्तरे दिली जातात. काही शिक्षक हसून म्हणतात, "वेड्या, आसरा-बिसरा काही नसते, त्या सगळ्या अडाण्यांच्या गोष्टी." दुसरे काही शिक्षक, मुले मधल्या सुट्टीत पाण्यावर जाऊ नयेत म्हणून, "असते तर! गेल्या साली तिने एकाला ओढले," असे सांगून मोकळे होतात. पहिले उत्तर खरे असूनही अपुरे आहे. दुसरे सोयीचे असले तरी खोटे आहे. पहिल्या उत्तराने मुलाच्या आजीला वर्गात अडाणी ठरविले जाते, आणि त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे, मुलाला डोहापासून दूर ठेवणारा जो एकुलता एक पहारेकरी होता, त्यास काढून टाकून ती जागा रिकामी ठेवली जाते. आसरा नाही हे कळले, पण डोह तर आहेच! भीती गेली आणि धोका राहिला, ही स्थिती भीती असण्यापेक्षा बिकट होय. प्रस्तुत पाठाची मांडणी ही अडचण ध्यानी घेऊन केली आहे.

लोककथा काय सांगते

प्रथम ती गोष्ट मुलांकडूनच आदराने वदवून घ्यावी. कोकणात व देशावर सर्वत्र 'साती आसरा' प्रसिद्ध आहेत. 'अप्सरा' या शब्दाचेच हे बोलीतील रूप मानले जाते. या सात बहिणी पाण्यात राहतात. विहिरीच्या काठी, ओढ्याच्या वळणावर किंवा तळ्याच्या बांधावर शेंदूर लावलेले सात दगड ओळीने मांडलेले दिसतात, तेच त्यांचे ठाणे. बायका तेथे हळदकुंकू वाहतात, खणानारळाने ओटी भरतात, हिरव्या बांगड्या ठेवतात. मावळ भागात पाण्याच्या अशाच देवतांना 'मावलाया' म्हणतात. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या मावलायांचा व मावळ या नावाचा संबंध दाखविला आहे. आसरांचा कोप होतो तो प्रामुख्याने अवेळी पाण्यावर जाणाऱ्यांवर. भर दुपारी, तिन्हीसांजेला अथवा अवसेच्या दिवशी एकट्याने पाण्यात उतरू नये, असा दंडक आजही पुष्कळ घरी सांगितला जातो.

दुसरा आहे तो गिऱ्हा. हे पाण्यातले भूत. तो ओळखीच्या माणसाच्या आवाजात हाक मारतो, वाटसरूची वाट चुकवतो आणि त्यास पाण्याकडे नेतो, अशी समजूत आहे.

मात्र लोककथेतले पाणी सदैव क्रूरच असते असे नाही. कित्येक गावांत अशीही गोष्ट सांगतात की, पूर्वी लग्नकार्य निघाले म्हणजे यजमानाने आदल्या संध्याकाळी तळ्याच्या काठी जाऊन भांडी मागावीत. सकाळी हवी तितकी तांब्यापितळेची भांडी काठाशी मांडलेली मिळत. कार्य उरकल्यावर ती घासूनपुसून परत करावयाची. पुढे कोणा लोभी माणसाने एक भांडे ठेवून घेतले आणि तळ्याने देणे थांबविले. भाषेच्या तासाला ही गोष्ट अवश्य सांगावी. गावाच्या पाण्यावर सर्वांचा सारखा हक्क आहे व सर्वांची सारखी जबाबदारी आहे, हे इतक्या थोड्या शब्दांत सांगणारा उतारा पाठ्यपुस्तकात सहसा सापडत नाही.

टिटवाळ्याचे तळे

टिटवाळा परिसरातील शाळांना या पाठासाठी दूर जावयास नको. महागणपतीचे देऊळ तळ्याच्या काठीच आहे, आणि त्या तळ्याची प्रसिद्ध कथा राक्षसाची नसून देवाची आहे. परंपरा अशी सांगते की, येथे कण्व ऋषींचा आश्रम होता. दुष्यंताने विसरलेल्या शकुंतलेने येथे गणपतीची आराधना केली. कालांतराने ते देऊळ तळ्याच्या गाळात गडप झाले. पुढे थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळी (१७६१ ते १७७२) गावास पाण्याचा तुटवडा पडला, म्हणून तळे उपसण्याचे काम निघाले आणि गाळातून मूर्ती वर आली. रामचंद्र मेहेंदळे यांचे नाव या कथेशी जोडलेले आहे.

शिक्षकाने येथे थांबून मुलांना एक साधा प्रश्न विचारावा : तळे उपसावे का लागले? उत्तर कथेतच आहे. दर पावसाळ्यात ओहोळ माती वाहून आणतात, ती तळाशी बसते, तळे उथळ होते व उन्हाळ्यात आटते. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने मानावा; परंतु तळ्यात गाळ साचतो आणि तो वेळोवेळी काढावा लागतो, हे सत्य कथेने आपल्यापर्यंत जपून आणले आहे. आपल्या गावच्या तळ्यातील गाळ शेवटचा केव्हा काढला, हे मुलांनी घरी विचारून यावे. या प्रश्नाची आठवण पुढे खोलीचा विचार करताना पुन्हा येईल.

शकुंतलेचे नाव निघालेच आहे, तर अंगठीची गोष्टही सांगावी. कालिदासाच्या नाटकात शकुंतलेच्या बोटातील अंगठी शचीतीर्थाच्या पाण्यात पडते आणि पुढे एका कोळ्याला रोहित माशाच्या पोटात सापडते. पाणी गिळते आणि पाणीच परत देते. महाभारताच्या वनपर्वातील यक्षाचे तळेही मुलांना फार आवडते. तहानेने व्याकूळ झालेले चार पांडव अदृश्य आवाजाकडे दुर्लक्ष करून पाणी पितात व गतप्राण होऊन पडतात. युधिष्ठिर मात्र आधी थांबतो, प्रश्नांची उत्तरे देतो, आणि भावांना परत मिळवतो.

लोणारचा लवणासुर

तळ्यातील असुराची महाराष्ट्रातील सर्वांत ठसठशीत कथा बुलढाणा जिल्ह्यातील लोणारची होय. लवणासुर जमिनीखालच्या विवरात दडून राही व बाहेर पडून लोकांना छळी. विष्णूने सुंदर तरुणाचे रूप घेऊन असुराच्या दोन बहिणींकडून त्याची जागा जाणून घेतली, पायाच्या अंगठ्याने विवरावरचे झाकण उडविले आणि असुराचा वध केला. ते विवर म्हणजे आजचे सरोवर, पाणी म्हणजे त्याचे रक्त, आणि खार म्हणजे त्याच्या मांसाचा अंश. उडालेले झाकण पुष्कळ कोस दूर ढाकेफळ येथे पडले व त्याची टेकडी झाली, असेही सांगतात. लोणार गावातील दैत्यसूदनाचे सुरेख शिल्पमंदिर या कथेची साक्ष म्हणून दाखवितात.

आता भूशास्त्र काय म्हणते ते पाहावे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे वर्तुळाकार विवर ज्वालामुखीचे असावे, असे पुष्कळ काळ मानले जात असे. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने तेथील खडकांत प्रचंड आघाताने बनलेली काच दाखवून दिली, आणि आकाशातून पडलेल्या अशनीने काळ्या बेसॉल्ट खडकात हे विवर पाडले, हे मान्य झाले. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून ते खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे झाल्याचे सांगितले. रक्ताची कथा आणि गुलाबी पाणी या दोन गोष्टी शिक्षकाने शेजारी शेजारी ठेवाव्यात व घाई न करता मुलांना बोलू द्यावे. येथील पाणी खारट आहे, आजूबाजूचे झरे मात्र गोड आहेत, आणि ही जागा भोवतालच्या जमिनीसारखी नाही, हे जुन्या लोकांनी अचूक पाहिले होते. त्यांचे निरीक्षण बरोबर होते. कारण मात्र त्यांना त्या काळी उपलब्ध असलेल्या शब्दांत सांगावे लागले. अशनी वरून आला आणि लवणासुर खालून, इतकाच काय तो फरक, असे एखादा चलाख मुलगा म्हणालाच तर त्यास दटावू नये.

परदेशातही हेच दिसते. स्कॉटलंडमधील नेस या सुमारे २३० मीटर खोल सरोवरात लांब मानेचा अजस्र प्राणी असल्याची वार्ता १९३३ साली काठाने नवा रस्ता झाल्यावर जगभर पसरली. १९३४ मध्ये छापलेले त्याचे प्रसिद्ध छायाचित्र खेळण्यातील पाणबुडीवर मान बसवून काढलेले होते, ही गोष्ट १९९४ मध्ये उघड झाली. २०१८ मध्ये न्यूझीलंडच्या शास्त्रज्ञांनी सरोवराच्या निरनिराळ्या भागांतील पाणी तपासले. प्रत्येक जिवाच्या शरीराचे सूक्ष्म अंश पाण्यात उतरतात व त्यांवरून तो जीव ओळखता येतो. अजस्र सरपटणाऱ्या प्राण्याचा अंश कोठेही मिळाला नाही. वाम माशाचे अंश मात्र विपुल मिळाले. पर्यटक अजूनही दुर्बिणी घेऊन जातातच!

पाण्यात खरोखर काय असते

"मग आम्ही पाहिले ते काय?" हा मुलांचा पुढचा प्रश्न असणार, आणि तो रास्त आहे. तळ्याच्या मध्यावर एकाएकी बुडबुडे येतात, कारण तळाच्या गाळात पालापाचोळा कुजून मिथेन वायू तयार होतो. शाळेच्या आवारातील डबक्याचा चिखल काठीने ढवळून हे दाखविता येते. काळा उंचवटा पाण्यावर सरकताना दिसला, तर तो वाऱ्याने ढकललेला जलपर्णीचा पुंजका, एखादा ओंडका, कासव अथवा पाणमांजर असू शकते. मोठा मरळ मासा शेपटी आपटतो तेव्हा अनोळखी माणूस दचकतोच. मगरीची गोष्ट निराळी : ती कल्पनेतली नव्हे. महाडजवळ सावित्री नदीत, सांगलीकडे कृष्णेत आणि खुद्द मुंबईत पवई तलावात मगरी आहेत. जेथे मगर असल्याची सूचना लावलेली असेल, तेथे चर्चेला वाव नाही.

गिऱ्ह्याच्या हाकेचेही कारण देता येते. संध्याकाळी पाण्यालगतची हवा गार होते व तिच्या वरची हवा उबदार राहते. अशा वेळी आवाज वर न जाता खाली वळतो व पाण्यावरून दूरवर ऐकू येतो. पलीकडच्या काठावर कोणी कोणाला हाक मारली, तर ती अगदी जवळून, आपल्यालाच मारल्यासारखी वाटते.

राहता राहिली 'ओढण्याची' गोष्ट. पाठाचा गाभा हाच असून त्यास पूर्ण तास द्यावा. काचेची नव्हे, अशी एक खोल वाटी घ्यावी, स्टीलची चालेल. तळाशी नाणे ठेवून एका मुलाला हळूहळू मागे सरकण्यास सांगावे. काठाआड नाणे दिसेनासे होताच त्यास तेथेच उभे करावे व दुसऱ्याने वाटीत अलगद पाणी ओतावे. नाणे पुन्हा दिसू लागते! नाणे हललेले नाही. पाण्यातून हवेत येताना प्रकाश वळतो, म्हणून तळ वर उचलल्यासारखा भासतो. सरळ वरून पाहिले असता पाण्याची खोली खऱ्या खोलीच्या सुमारे तीन चतुर्थांश दिसते. काठावरून तिरपे पाहिले तर त्याहूनही कमी.

यानंतर फळ्यावर हिशेब मांडावा. चार फूट खोल पाणी तीन फूट भासते. चौथीच्या मुलाची उंची साधारण चार फुटांच्या आसपास असते. त्यास वाटते, पाणी छातीपर्यंत येईल. प्रत्यक्षात ते डोक्याशी येते. मुलगा पाऊल टाकतो आणि तळ सापडत नाही. काठावरच्या सोबत्यांना तो एकदम खाली गेलेला दिसतो. त्यांनी घरी येऊन "आसरेने ओढले" असे सांगितले, तर ते खोटे बोलले असे म्हणता येणार नाही. त्यांनी जे पाहिले ते तसेच दिसते.

त्यातच गाळाचा प्रश्न येतो. गाळ काढल्यावर तळाची पातळी एकसारखी राहत नाही. यंत्राने उकरलेल्या ठिकाणी उभे खड्डे पडतात. जेथे गेल्या वर्षी गुडघाभर पाणी होते, तेथे या वर्षी पुरुषभर असू शकते. वीटभट्टीसाठी माती काढून राहिलेले व पावसाने भरलेले खड्डे तर याहून फसवे, कारण त्यांना काठाचा उतारच नसतो आणि त्यांची कोणी गोष्टही सांगत नाही. जुन्या डोहाला निदान आसरा तरी आहे. नव्या खड्ड्याला कोणीच नाही.

आणखी एक गोष्ट शिक्षकांनी स्वतः जाणून घ्यावी व मुलांनाही सांगावी. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. त्याचे तोंड पाण्याच्या पातळीशी असते, श्वास घेण्यातच सारे बळ जाते, हात वर करून बोलाविण्याची शक्ती राहत नाही. म्हणून चार हातांवर बसलेल्या माणसाच्याही ध्यानी येत नाही. मग लोक म्हणतात, "आवाजसुद्धा केला नाही, गुपचूप नेले." दुसरा समज असा की, तळे एकावर थांबत नाही, जोडीने बळी घेते. याचेही कारण उघड आहे : पहिल्याला काढावयास दुसरा उडी घेतो, आणि बुडणारा त्यास घट्ट मिठी मारतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या अखेरीस दिलेल्या अहवालानुसार २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मृत्यू पावली. त्यांत जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालील बालके होती. आपली पटावरील मुले धाकट्या भावंडांना सांभाळतात, त्यांना कडेवर घेऊन नदीवर जातात, हे लक्षात घेता हा आकडा चौथीच्या वर्गाचाही आहे.

पहारेकऱ्याची जागा

आसरेचे दंडक पुन्हा एकदा वाचून पाहावेत. एकट्याने जाऊ नये. भर दुपारी व तिन्हीसांजेला जाऊ नये. दुपारी व अंधार पडता घाटावर धुणे धुणाऱ्या बायका नसतात, गुरे पाण्यावर आणणारे गुराखी नसतात. काही झाले तर पाहणारे कोणी नसते. म्हणजे दंडक कायम ठेवावयाचा आहे, फक्त त्याचे कारण बदलावयाचे आहे. ज्या घरी आसरांची ओटी भरतात, त्या घरच्या मुलाला शाळेत टोमणा बसू नये. पूजा हा घरचा विषय आहे. पाण्याचे नियम हा सर्वांचा.

नियम थोडे व करून दाखविता येण्याजोगे असावेत. कोणी बुडताना दिसले, तर मुलाने पाण्यात उतरावयाचे नाही, हा पहिला. मोठ्याने ओरडून माणसे गोळा करावीत. काठावर पालथे पडून बांबू, दोर, ओढणी अथवा साडी पुढे करावी. घट्ट झाकणाचा रिकामा डबा दोरीला बांधून फेकावा. मैदानावर चुन्याची रेघ आखून तिलाच काठ मानावे व मुलांकडून हा सराव दोनचार वेळा करवून घ्यावा. सहज वाटणाऱ्या या गोष्टीतही पहिल्या खेपेस बहुतेक मुले रेघ ओलांडून धावतात, असे आढळून येईल. बाहेर काढलेल्या माणसास उलटे टांगण्यात अथवा पोट दाबून पाणी काढण्यात वेळ दवडू नये. श्वास थांबला असल्यास, ज्याने रीतसर शिक्षण घेतले आहे अशा मोठ्या माणसाने तोंडाने श्वास देणे व छाती दाबणे ताबडतोब सुरू करावे, आणि दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. प्रत्येक शाळेतील निदान एका शिक्षकाने हे शिकून घ्यावे, हे वेगळे सांगावयास नको.

स्वाध्याय म्हणून प्रत्येक मुलाने घरातील सर्वांत वडील माणसाकडून पाण्याची एक गोष्ट ऐकून ती पाच ते दहा ओळींत लिहून आणावी. गोष्ट ज्यांच्या तोंडून ऐकली त्यांचे गाव व ती ज्या पाण्याची आहे त्याचे नाव शेवटी लिहावे. नंतर गटागटाने गावाचा नकाशा काढून त्यात विहिरी, तळे, डोह, बंधारे व मातीचे खड्डे दाखवावेत, आणि जेथे गोष्ट आहे तेथे एक खूण करावी. खोली मुलांनी स्वतः मोजावयाची नाही. मासे धरणाऱ्यांना व पट्टीच्या पोहणाऱ्यांना विचारून ती लिहावी. गोष्टींच्या खुणा व अधिक खोलीचे आकडे किती ठिकाणी एकत्र येतात, हे मुलांनी मोजून सांगावे. असा पुरा केलेला नकाशा शाळेच्या व्हरांड्यात पहिलीतील मुलाच्या नजरेच्या उंचीवर लावावा व प्रत्येक पावसाळ्यानंतर, तसेच गाळ काढून झाल्यावर, त्यातील आकडे पुन्हा विचारून दुरुस्त करावेत.